नैवेद्याच्या आधीची वाटी

दशमीच्या रात्री मी शाबू भिजत घालत होते आणि माझा भाचा फोन घेऊन स्वयंपाकघरात आला. "आत्ती, हे बघ, पाठवालोय." म्हटलं थांब, आधी वाचून दाखव.

त्याच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर आषाढीवरून काहीतरी सुरू झालं होतं आणि एका पोरानं लिहिलं होतं, की तुम्ही लोक पायाला फोड येईपर्यंत चालता आणि शेवटी एका दगडाच्या पायावर डोकं ठेवता. तो पोरगा मुसलमान, याच्याच वर्गातला, रोज एकाच टेबलावर जेवणारा. आमच्या घरात माळ चार पिढ्यांची, त्यामुळे भाच्याला ते लागलं, आणि लागायलाच पाहिजे, लागलं नसतं तर मला वाईट वाटलं असतं. पण यानं जे उत्तर लिहिलं होतं त्यात पहिल्या दोन ओळी विठोबाच्या आणि पुढचं सगळं त्यांच्याबद्दल, कुठून कुठून आलेल्या फॉरवर्डमधलं उचललेलं. शेवटची ओळ होती, "तुम्हीपण काबाच्या दगडालाच नमस्कार करता की."

माझा हात शाबूतच राहिला. कारण अगदी हीच ओळ मी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला असताना बोललेली होते, आणि ते पण एका माणसाच्या तोंडावर.

आमचं घर तेव्हा बेळगावच्या वडगावात होतं. पुढच्या सोप्यात दोन माग, एक आप्पांचा आणि दुसऱ्यावर चाचा बसायचे. चाचा म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे, लुगड्याच्या काठात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आप्पा धोटा मारता मारता हरिपाठ म्हणायचे आणि चाचा जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची वेळ झाली की पाय खड्ड्यातून वर काढून, हात-तोंड धुऊन मागच्या खोलीत नमाज पढायचे. ती खोली आमच्या देव्हाऱ्याच्या बाजूचीच, पण मध्ये भिंत, आणि आई त्या वेळी तिकडचं दार ओढून घ्यायची, म्हणजे त्यांना समोर फोटोबिटो दिसू नये. हे सगळं आम्हाला इतकं रोजचं होतं की त्यात काही विशेष आहे हे मला कळायला खूप वर्षं गेली.

तर कॉलेजात कुणीतरी काबाबद्दल बोललेलं मी ऐकलं होतं. संध्याकाळी रहाटावर कांड्या भरता भरता मी सहज, म्हणजे राग वगैरे काही नव्हता, मला किती माहिती आहे हे दाखवायला म्हणून बोलले, "चाचा, आम्हाला दगड पुजणारे म्हणतात, पण तुम्ही पण मक्केला दगडच पुजता न्हवं?"

खटक खटक बंद झालं. दोन्ही मागांचं.

चाचा चिडले नाहीत. म्हणाले, "कोण बोल्या तुझे?" आणि मग जे सांगितलं ते मला आजपर्यंत पाठ आहे. ते म्हणाले की काबा ही दिशा आहे, किब्ला. आम्ही त्या घराला पुजत नाही, तिकडं तोंड करून अल्लाला पुजतो. सुरुवातीला तर तोंड जेरुसलेमकडं असायचं, मदिनेला गेल्यावर दुसऱ्या वर्षी ते मक्केकडं झालं, मग घरच पुजायचं असतं तर दिशा बदलली असती काय? आणि त्या काळ्या दगडाचं म्हणशील तर आमचे दुसरे खलिफा हजरत उमर त्याचं चुंबन घेताना काय म्हणाले ते हदीसमध्येच, म्हणजे पैगंबरांच्या आठवणींच्या ग्रंथातच आहे, की मला माहिती आहे तू दगड आहेस, तू कुणाचं भलं करू शकत नाहीस आणि वाईटपण करू शकत नाहीस, रसूलना, म्हणजे पैगंबरांना, तुझं चुंबन घेताना मी बघितलं नसतं तर मी पण घेतलं नसतं. "ये मैं दिल से नहीं बोलता बेटी, लिख्या हुआ हय."

मी गप्प. आप्पा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं आता ओरडतील, पण ते एवढंच म्हणाले, "बरं, आता तू सांग. आपला इठोबा काय हाय? भाईनं त्यांचं सांगितलं, आता तू आपलं सांग."

मला एक वाक्य बोलता आलं नाही. हरिपाठ पाठ, आरत्या पाठ, लहानपणापासून एकादशी धरलेली, आणि आपला देव दगड का नाही, किंवा दगड असूनही देव कसा, हे मला सांगता येत नव्हतं. दुसऱ्याच्या धर्मातलं एक चुकीचं वाक्य मात्र तयार होतं. ती लाज माझ्या अंगात अजून आहे.

रात्री जेवताना आप्पा म्हणाले, "इचारायचं हुतं. इचारायला कुणाची बंदी हाय? तू इचारली न्हाईस, सांगितलीस."

त्यानंतर मी हळूहळू वाचायला लागले. हे कुणाला हरवायला नाही, त्या संध्याकाळी देता न आलेलं उत्तर शोधायला. आज मला कुणी विचारलं तर मी काय सांगते ते लिहिते.

गणपती बघा. आपण माती आणतो, आकार देतो, मग मंत्र म्हणून त्याच्यात देवाला बोलावतो, त्याला प्राणप्रतिष्ठा म्हणतात. दीड दिवस, पाच दिवस, अकरा दिवस तो घरचा पाहुणा. मग उत्तरपूजा होते, देवाला निरोप दिला जातो, परत ये म्हणून सांगितलं जातं, आणि तीच मूर्ती आपण कपिलेश्वरच्या तलावात नेऊन सोडतो. मातीलाच देव समजत असतो तर आपल्या हातानं पाण्यात सोडली असती का? माती म्हणजे देव नाही हे आपल्याकडच्या पाच वर्षांच्या पोराला पण विसर्जनाच्या रांगेत कळतं, तरी त्याला रडू येतं, आणि ते रडू पण खरं असतं. मूर्ती म्हणजे काय हे मला त्या रडण्यातून जास्त कळलंय. आणि विठोबाचं विसर्जन होत नाही, तो उभाच आहे, पण ज्ञानेश्वर माउलींनीच विचारून ठेवलंय की तुला सगुण म्हणू का निर्गुण, आणि उत्तर पण देऊन ठेवलंय की दोन्ही एकच गोविंद. म्हणजे आकाराच्या पलीकडे देव आहे हे आम्हाला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नव्हती. देव सगळीकडे आहे हे मला पटतं, पण सगळीकडे एकदम डोकं टेकता येत नाही, कपाळ एकच असतं, ते कुठंतरी एका जागी टेकावं लागतं.

हे मी चाचांना सांगितलं होतं, पुढं कधीतरी, माझं लग्न ठरलं त्या वर्षी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "समज्या. अच्छा बोली." आणि मग म्हणाले की तरी आमच्यात हे चालत नाही, दिशा वेगळी आणि समोर आकार ठेवणं वेगळं, तुझं म्हणणं मला कळलं पण मला पटत नाही. मला त्यांचा तो नकार फार आवडला. त्यांनी माझं म्हणणं पूर्ण समजून घेऊन नाही म्हटलं होतं, आणि असं नाही म्हणणारा माणूस तुमच्या धर्माचा अपमान करत नसतो.

आता जरा अवघड गोष्ट.

एका वर्षी आप्पा वारीहून आले आणि बुक्का, चुरमुरे वाटत वाटत सांगत होते, नामदेवाची पायरी, आणि पायरीच्या समोर चोखोबांची समाधी. चाचांनी विचारलं, "वो अंदर क्यूं नहीं?" चाचांना खरंच माहिती नव्हतं, टोमणा नव्हता. आप्पांनी सांगितलं की चोखोबांना जातीमुळं देवळात घेत नव्हते. "फिर कब लिये?"

चोखोबा गेले १३३८ साली, मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत पडून. आणि पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडं झालं १९४७ साली, साने गुरुजींनी मे महिन्यात दहा दिवस उपोषण केलं तेव्हा. मध्ये सहाशे वर्षं. ज्या देवाला आम्ही माउली म्हणतो, लेकरासारखं ज्याच्या पायाशी जातो म्हणतो, त्याच्या दारात सहाशे वर्षं.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांना काही बोलता आलं असतं. तुमच्यात पण बिरादऱ्या आहेत, तुमच्यात पण कोण कुणाच्या घरात सोयरीक करत नाही, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटं पण नव्हतं. ते म्हणाले, "चुकलं ते. इठोबाचं न्हवं, आमचं."

मला त्या वेळी वाटलं आप्पा हरले. आज मला वाटतं की माझ्या आयुष्यात कुणी विठोबाची बाजू इतकी चांगली घेतलेली मी ऐकली नाही. कारण ते जर त्या दिवशी पायरीबाहेरच्या समाधीला काहीतरी कारण चिकटवत बसले असते तर देव आणि आमची चूक एकाच गाठोड्यात बांधली गेली असती, आणि मग कुणी गाठोडं उचलून फेकलं तर देव पण गेला असता. आप्पांनी गाठ सोडली. आपला धर्म वाचवायचा म्हणजे आपल्या लोकांनी केलेलं सगळं वाचवायचं असं जे हल्ली झालंय ना, ते मला अजिबात मान्य नाही. साने गुरुजी उपाशी बसले ते विठ्ठलाच्या दारात, विठ्ठलाचं नाव घेऊन. ते बाहेरचे नव्हते.

आणि हे दुसऱ्या बाजूनं पण सोसलंय मी, म्हणून सांगते. आई दवाखान्यात होती तेव्हा शेजारच्या कॉटवरच्या पेशंटला भेटायला एक बाई रोज यायच्या, ख्रिस्ती, खानापूरकडच्या, मराठी आमच्यासारखीच. त्यांनी आईसाठी पण पेज आणली, मी घरी गेले तर तिच्या उशाशी बसल्या, डोळे मिटून आईसाठी प्रार्थना केली आणि करण्याआधी "चालंल न्हवं ओ?" असं विचारून केली. आई म्हणाली चालंल की. पण जाताना त्यांनी एक पत्रक ठेवलं, त्यात आमच्या देवांबद्दल जे लिहिलं होतं ते वाचून मला रडू आलं. मूर्तीत सैतान असतो असं छापलेलं. मी दुसऱ्या दिवशी ते पत्रक त्यांना परत दिलं आणि गणपतीच्या विसर्जनाचं जे वर लिहिलंय ते सगळं त्यांना सांगितलं, आवाज थरथरत होता माझा. त्या म्हणाल्या, "हे मला ठाऊक नव्हतं. मी वाचलंच नव्हतं नीट, वाटायला दिलं म्हणून वाटत होते." त्या माणूस म्हणून चांगल्या होत्या आणि पत्रक वाईट होतं, दोन्ही खरं. त्या पत्रकावरून सगळे ख्रिस्ती असेच म्हणणं म्हणजे मी पण दुसरं पत्रकच छापल्यासारखं. पेज पण मोजायला पाहिजे ना.

आमच्या आप्पांच्या वाचनात एकनाथ महाराजांचा हिंदू-तुर्क संवाद यायचा. सोळाव्या शतकातली रचना, नाथांच्या भारुडांमध्ये येते. ज्यांनी वाचला नसेल त्यांनी जरूर वाचा, पण मनाची तयारी करून वाचा, कारण तो गोडगोड नाहीये. तुर्क पुराणातल्या गोष्टी काढून हिंदूला झोडपतो, सोवळ्या-ओवळ्यावर बोट ठेवतो, जेवायच्या विटाळावर ठेवतो. हिंदू पण सोडत नाही, देव सगळीकडे आहे म्हणता तर एकाच दिशेला तोंड का असं विचारतो. (म्हणजे बघा, माझा पीयूसीतला प्रश्न नाथांच्या हिंदूनं तेव्हाच विचारलेला!) आणि शेवटी दोघं एकमेकांना नमस्कार करतात, मिठी मारतात.

लोक ती शेवटची मिठी सांगतात. मला मात्र त्याच्या आधीचं भांडण जास्त महत्त्वाचं वाटतं. नाथ पैठणचे ब्राह्मण, भागवताचे अधिकारी, लेखणी त्यांच्या हातात. त्यांना तुर्काच्या तोंडी दोन लुळी वाक्यं घालून हिंदूला जिंकवता आलं असतं, कोण विचारणार होतं? त्यांनी तसं केलं नाही. तुर्काची वाक्यं इतकी धारदार आहेत की आजपण अंगाला लागतात. स्वतःच्या धर्मावरचा सगळ्यात जोरदार आक्षेप त्यांनी स्वतः, स्वतःच्या हातानं, नीट लिहिला. मग उत्तर दिलं. ही हिंमत आहे, आणि ही भक्ती असल्याशिवाय येत नाही. ज्याला आपल्या देवाबद्दल आतून खात्री नाही तोच समोरच्याचं म्हणणं मोडून तोडून सांगतो.

आता काही लोक म्हणतील मग कशाला वाद, सगळे धर्म एकच. हे वाक्य मला पूर्वी फार आवडायचं, हल्ली नाही आवडत. बेळगावच्या किल्ल्यात जाऊन बघा. दारातच दुर्गादेवी. आत गेलं की कमल बस्ती, १२०४ साली बांधलेलं नेमिनाथांचं जैन देऊळ, वरच्या छताला दगडाचं कमळ असं लटकलंय की मान दुखेपर्यंत बघत राहावं. तिथून थोडं चाललं की सफा मशीद, १५१९ सालची, विजापूरच्या आदिलशाहीतल्या असद खानाची. आता देवीच्या दारात आपण म्हणतो ही जगाची आई. बस्तीतले जैन म्हणतात जग कुणी निर्माणच केलेलं नाही, तीर्थंकर जग करणारे नव्हेत, वाट दाखवणारे. आणि मशिदीत म्हणतात की ज्यानं निर्माण केलं तो एकच आणि त्याच्याशिवाय कुणापुढं झुकायचं नाही. हे तीन एक कसे? एक म्हटलं की तिघांनी आयुष्यभर जपलेलं पुसून टाकल्यासारखं होतं, आणि पुसायचं का तर आपल्याला विचार करायचा कंटाळा. माझी शाळेतली मैत्रीण लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, ती मला सांगायची की आम्हाला देवळाची गरजच नाही, बसवण्णांनी शरीरालाच देऊळ म्हटलंय. मी तिच्याशी तासन्‌तास वाद घालायची. आम्ही कधीच एक झालो नाही आणि आमची मैत्री अजून आहे.

सौंदत्ती तालुक्यात हिरेबिदनूर म्हणून गाव आहे, तिथं मुसलमान घर नाही आणि गावातले हिंदू मोहरम करतात, ही बातमी दरवर्षी कुणीतरी पाठवतंच. मलापण ती वाचून बरं वाटतं, आपल्या भागाचा अभिमान वाटतो. पण चाचांसारखे नमाजी लोक मोहरमच्या डोल्या-पंजाला धर्मात धरत नाहीत हे पण मला माहिती आहे. त्यामुळे ती बातमी दाखवून "बघा, तुम्हीपण असं करा" असं मी कुणाला म्हणणार नाही.

किल्ल्यातच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले, आधी भाटे वकिलांच्या घरी आणि मग किल्ल्यात हरिपद मित्रांकडे राहिले. इथून ते गेले गोव्याला, ख्रिस्ती धर्माचे जुने ग्रंथ बघायला, राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत. म्हणजे ज्या माणसाला पुढच्या सप्टेंबरात शिकागोला उभं राहून हिंदू धर्माची बाजू मांडायची होती तो आधी ख्रिस्ती लोकांचं घर त्यांच्याच पुस्तकांतून बघून आला. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आत्ती, त्यांना वेळ हुता. इथं ग्रुपवर पाच मिनटात उत्तर न्हाई दिलं तर हरलास म्हणतात."

खरं आहे ते. आणि आमच्या या सीमाभागात तर आधीच प्रत्येकाला कुठल्या तरी बाजूला उभं राहायची सवय लागलेली, दुकानाच्या पाटीपासून बसच्या बोर्डापर्यंत. बाजू घेणं आम्हाला लहानपणीच येतं. मी पण मराठीची बाजू घेते, ठामपणे घेते, आणि कन्नड वाचते पण. त्यामुळे त्याची घाई मला कळत होती.

मी म्हटलं बाळा, तू एक काम कर. त्याला काय वाटतं काबाबद्दल ते तू लिहू नकोस, ते त्याला लिहू दे. तू विठोबाचं लिही. तो बसला मग, ओट्याजवळच्या स्टुलावर, आणि लिहित राहिला, खोडत राहिला, मध्येच विचारलं "प्राणप्रतिष्ठा जोडून का तोडून?" साडेदहाला त्यानं मला वाचून दाखवलं. दगडच आहे, आम्हाला माहिती आहे. मग आप्पांबद्दल चार ओळी. चोखोबांचं पण लिहिलं होतं, मी सांगितलं नव्हतं तरी. आणि शेवटी, "मी तुमच्या काबाबद्दल काहीतरी लिहिणार होतो पण मला नीट माहिती नाही, तूच सांग." पाठवलं.

उत्तर लगेच आलं नाही. तो दोनदा फोन बघून झोपला.

एकादशीला सकाळी पाऊस धो धो. यंदा गुडघ्यामुळं दिंडीला जाणं झालं नाही म्हणून घरातच पूजा. वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याच्या गोड फोडी. आप्पा गेले, चाचा पण गेले, माग तर कधीच विकले, पण चाची आहेत, आता आमच्या जवळच राहतात मुलाकडे. त्यांना रताळ्याच्या फोडी फार आवडतात. पण देवाला दाखवलेला नैवेद्य त्या खात नाहीत, त्यांच्यात चालत नाही, त्यांनी आईला फार पूर्वी अगदी संकोचून सांगितलं होतं, आणि आप्पा तेव्हा म्हणाले होते मग त्यात काय, आधी काढायचं. तेव्हापासून नैवेद्याच्या आधीची एक वाटी त्यांची. ईदला त्यांच्याकडून आम्हा माळकऱ्यांसाठी शीरखुर्मा यायचा तो पण वेगळ्या नव्या पातेल्यातला, ज्यात कधी मटण शिजलेलं नाही असा, आणि चाची दरवर्षी दारात उभं राहून तेवढं सांगूनच पातेलं द्यायच्या.

मी ताट वाढायला घेतलं तेवढ्यात भाचा उठून आला, केस विस्कटलेले, फोन हातात. "आत्ती, त्यानं रात्री दोन वाजता लिहिलंय. लई मोठं लिहिलंय. उमरचं पण लिहिलंय, तू सांगितलीस तेच." मग म्हणाला, "मूर्तीचं त्याला पटलं न्हाई म्हणाला. पण दगड म्हटल्याबद्दल सॉरी म्हणालाय."

मी म्हटलं आंघोळ कर आधी. आंघोळ करून आला, माळ सारखी केली, छत्री घेतली आणि रताळ्याची वाटी उचलली. दारापर्यंत गेला, चप्पल घातली आणि परत वळला.

"आत्ती, हे नैवेद्य दाखवायच्या आधी काढलीस न्हवं?"

"व्हय रे. जा, गरम हाय तवर."